मनगटातला चेतातंतू आणि मज्जारज्जूतला

नारळ फोडताना मनगटावर कोयता बसला, तर तुटलेले चेतातंतू पुन्हा वाढू शकतात. नारळ काढणारा पाडेली माडावरून पडून मज्जारज्जू दुखावला, तर तिथले तंतू जवळपास वाढतच नाहीत. असं का? फरक शेजारच्या पेशींचा.

मनगटात तुटलेल्या जागेपुढचा तंतू आधी मरतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी हे 1850 मध्ये दाखवलं. तंतूंना वेढून असलेल्या श्वॉन पेशी तो मेलेला कचरा हटवायला मदत करतात, मग रांगेत लागून वाढीची रसायनं सोडतात. नवं टोक त्या वाटेनं दिवसाला साधारण 1 मिलिमीटर सरकतं. म्हणजे बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने सहज जातात. वाटेत टिचकी मारल्यावर मुंग्या आल्या तर घाबरू नका, तंतू तिथवर पोचल्याची ती खूण. पण पूर्ण तुटलेली टोकं शिवावी लागतात, आणि वर्ष-दीड वर्ष संदेशाविना राहिलेला स्नायू सहसा सावरत नाही. बोट बधिर असताना नुसती कातडी शिवून घरी येऊ नका. लगेच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा.

मज्जारज्जूत श्वॉन पेशी नसतात. तिथल्या मायलिनमध्ये, म्हणजे तंतूंवरच्या स्निग्ध आवरणात, वाढ रोखणारी प्रथिनं असतात, कचरा रेंगाळतो, व्रण आडवा येतो. म्हणून माडाखाली पडलेल्याला उठवून बसवू नका. मान-पाठ न हलवता 108 ला फोन करा.

तरी हे तंतू मुळात असमर्थ नाहीत. 1981 मध्ये डेव्हिड आणि अग्वायो या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या चेतातंतूचा तुकडा जोडला, तेव्हा तंतू त्यातून सुमारे 3 सेंटीमीटर वाढले.