इंजिनाचं झाकण ‘नवं करून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

तुमची जुनी फायबरची बोट असेल, इंजिनावरचं झाकण जड झालं असेल, खाली पाणी गळत असेल आणि ते कुणा कारागिराला द्यायचं ठरवत असाल, तर पूर्ण पैसे देण्याआधी हे वाचा. या कामातली लबाडी दोन थरांच्या आत होते आणि वरून रंग मारला की कुणाच्या बापाला दिसत नाही.

आमची बोट मालवणला पर्यटकांना घेऊन फिरते. जुनी आहे, आत डिझेल इंजिन आहे आणि मागच्या डेकवर दीड मीटर लांब, एक मीटर वीस रुंद असं एकच झाकण. अशा झाकणात वर आणि खाली फायबरचा एकेक थर असतो, मधे प्लाय; काही परदेशी बोटींत बाल्सा हे हलकं लाकूड. बिजागरी, कडी, उचलायची रिंग यांच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. लाकूड कुजतं, झाकण वर्षागणिक जड होतं, पाय दिला की दबतं. मग ते चौकटीवर नीट बसेनासं होतं आणि खारं पाणी थेट स्टार्टर, अल्टरनेटरवर पडायला लागतं. हे सगळं त्या कारागिराने आम्हाला स्वतः समजावलं, आणि एक अक्षरही चूक सांगितलं नाही. दुखणं इतकं नेमकं ओळखणारा माणूस औषधाच्या जागी रंग देईल, असं कुणालाही वाटणार नाही.

ठरलं असं: वरचा थर काढायचा, कुजकं लाकूड पूर्ण खरवडायचं, नवं मरीन प्लाय बसवायचं, बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेसच्या, गॅस शॉक (उघडलेलं झाकण वर धरून ठेवणाऱ्या नळ्या) नवे, कडेचं रबर नवं. ६८ हजार रुपये, अर्धे आगाऊ. त्याने प्लायचा तुकडा हातात दिला. त्यावर आयएस ७१० चा शिक्का होता, म्हणजे मरीन प्लायचाच. साध्या फर्निचरच्या प्लायवर आयएस ३०३ असतं. तुकडा अस्सल होता, पण त्यातलं प्लाय आमच्या झाकणात कधी गेलंच नाही.

पावसाळ्यात बोट वर ओढलेली. झाकण तो स्वतःच्या शेडवर घेऊन गेला आणि कामाचे फोटो पाठवत राहिला. वरचा थर काढलेला, आत कोरं लाकूड, त्यावर मॅट (काचतंतूंची चटई) आणि ती चिकटवणारं रेझिन. गणपतीच्या आधी झाकण परत आलं ते चकाचक पांढरं. उरलेले पैसे दिले गेले.

पहिली शंका आमच्या तांडेलाला आली. झाकण उचलताना तो म्हणाला, “दादा, ह्यां झाकाण पयल्यापेक्षा जडच लागता.” कारागिराला फोन केला, तर म्हणाला, “शेठ, नवीन रेझिन आहे, मजबूत केलंय.” मजबुतीने वजन वाढतं हे ऐकायला पटतं. पण ओलं लाकूड काढून कोरडं घातलं तर झाकण हलकंच व्हायला हवं, यात दुसरी शक्यताच नाही.

हंगाम सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच एक गॅस शॉक निकामी झाला आणि झाकण खाली आदळलं. खलाशाचा हात त्याच क्षणी बाहेर आला होता, म्हणून बोटं वाचली. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. ते शॉक गाडीच्या डिकीचे निघाले. शॉकच्या नळीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. यांच्यावरचा आकडा खरडून काढला होता.

मग झाकण उतरवून मासळीच्या काट्यावर चढवलं. ५४ किलो! खालच्या बाजूने सहा मिलीमीटरचं ड्रिल मारलं, तर काळपट, ओला, आंबूस वासाचा भुसा बाहेर आला. वरचा थर त्याने काढलाच नव्हता. जुन्यावरच पुट्टी, मॅटचा एक थर आणि जेलकोट (वरचा चकचकीत थर) चढवला होता. बिजागऱ्यांना चुंबक घट्ट चिकटलं, म्हणजे बहुधा लोखंडावर क्रोम. (चुंबक चिकटलं नाही म्हणून ३१६ ठरत नाही, ३०४ या साध्या स्टेनलेसलाही ते सहसा चिकटत नाही. पण असं घट्ट चिकटलं तर ३१६ नक्कीच नाही.) भाऊ रात्री जुने फोटो पुन्हा बघत बसला तेव्हा लक्षात आलं की फोटोतल्या झाकणाची रिंग डावीकडे आहे. आमची मधोमध आहे. दुसऱ्याच कुणाच्या बोटीचे फोटो होते ते.

सगळ्यात घातक काम वेगळंच होतं. झाकणाच्या चौकटीभोवती एक पन्हळ असते. कडेने आलेलं पाणी तिच्यात पडून भोकावाटे समुद्रात जातं. ‘वॉटरप्रूफ करतो’ म्हणून त्याने ती भोकं सिलिकॉनने बुजवून टाकली होती. पन्हळ भरली की पाणी इंजिनावर उतरायचं, आधीपेक्षाही जास्त. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रेझिन धरत नाही, त्यामुळे ती जागा घासून साफ करण्यातच नव्या कारागिराचे पुष्कळ श्रम गेले.

त्या नव्या माणसाने प्लायऐवजी पीव्हीसी फोम घातला. त्यात पाणी मुरत नाही. स्क्रू येतात तिथला फोम आधी काढून घट्ट रेझिन भरलं, मग त्यात भोकं पाडली. सगळं आमच्यासमोर, आमच्याच अंगणात. त्याच काट्यावर झाकण २६ किलो भरलं आणि आता एक माणूस ते एका हाताने उघडतो.

काम देताना झाकणाचं वजन करा आणि आकडा पावतीवर लिहून घ्या. परत घेताना त्याच काट्यावर ठेवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. आणि झाकण उकललेलं असताना आत तुमच्या हाताने मार्करने सही करा, तिचा फोटो काढा, मगच दुसरा हप्ता द्या. सही करायला नकार देणाऱ्याला काम देऊ नका.

आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. बोट धंद्याची आहे म्हणून तक्रार चालणार नाही, असं तो कारागीर सांगत फिरतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला ग्राहक मानलं आहे, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. कापून काढलेलं जुनं लाकूड, त्या बिजागऱ्या आणि शॉक पुरावा म्हणून आम्ही गोणीत बांधून ठेवले आहेत; तुमच्याकडेही असं काही निघालं तर फेकू नका.