भिशीतून डिस्क घेणाऱ्यानं काय निवडावं : झेडएफएस की स्नॅपरेड?

माझा मावसभाऊ लग्नाची शूटिंगं करतो. दिवाळीनंतर घरी आला तो भाजीच्या पिशवीत पाच हार्ड डिस्क घेऊन. दोन ४ टीबीच्या, एक ६, दोन ८. प्रत्येक डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर रबर. "दादा, ह्या सगळ्याचं एकच काय ते करून दे. आणि पुढं वाढवता आलं पाहिजे बघ." त्याच्यापुढं मी दोन तास जी बडबड केली, ती इथे जरा नीट लावून, तेव्हा राहिलेलं जोडून सांगतो. तुमच्याही कपाटात अशी पिशवी असणार.

घरच्या सर्व्हरला सहा-आठ डिस्क झाल्या की गाडी शेवटी दोन वाटांवर येऊन थांबते. एक तर झेडएफएस ह्या फाइल सिस्टिमचा पूल बांधायचा, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एकच साठा. नाहीतर प्रत्येक डिस्क आपापली सुटी ठेवायची, मर्जरएफएस नावाच्या प्रोग्रॅमनं त्या सगळ्या एकच फोल्डर असल्यासारख्या दाखवायच्या आणि पॅरिटीचं (डिस्क मेली तर तिच्यावरचं परत काढता येईल अशा जादाच्या नोंदीचं) काम स्नॅपरेडकडे द्यायचं. बाजारात तयार डबे मिळतात, पैसे भरून अनरेड नावाची तयार प्रणालीही घेता येते. ज्यांना स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायचाच नाही त्यांनी खुशाल तिकडे जावं. मी या दोन्ही वाटांनी चाललोय. २०१८ ते २०२३ झेडएफएस, तिथून पुढं स्नॅपरेड. म्हणजे माझा कल कुठं आहे ते आत्ताच कळलं, पण झेडएफएसच्या ताटात खाल्लंय, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

सन मायक्रोसिस्टम्सनं २००५ साली ओपनसोलॅरिसमध्ये आणलेली ही फाइल सिस्टिम आजही एका बाबतीत बाकीच्यांना मागं टाकते. डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ती जपून ठेवते आणि प्रत्येक वेळी वाचताना ताडून बघते. जुळला नाही तर पॅरिटीतून बरोबर डेटा काढून तुम्हाला देते, आणि डिस्कवरचा बिघडलेला तिथल्या तिथे दुरुस्त करते. एकदा महिन्याच्या स्क्रबमध्ये, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासण्याच्या फेरीत, एकाच डिस्कवर चेकसमच्या चुका दिसायला लागल्या. मी धसका घेतला, नव्या डिस्कचे भाव काढले. मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघितले तर ५ आणि १९७ (डिस्कवरचे बाद आणि संशयित भाग) शून्यावर, फक्त १९९ वाढत चाललेला. १९९ म्हणजे बहुतेक वेळा केबल. साटाची केबल बदलली, विषय संपला. ही गोष्ट झेडएफएसनं चाडी केली म्हणून कळली, नाहीतर कधी कळली असती देव जाणे.

लाइट जाण्याचंही तसंच. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, नव्या जागी लिहून मग खूण हलवते. पाच वर्षांत लाइट कितीदा गेली त्याची मोजदाद नाही, पण पूल परत उभा राहिला नाही असं एकदाही झालं नाही. स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळची जपलेली स्थिती, तर आहेतच. एका नवरीच्या हळदीचं अख्खं फोल्डर भावानं चुकून उडवलं होतं, ते चहा गार व्हायच्या आत परत आणून दिलं.

मग सोडलं कशाला? जागेपायी.

माझा पूल सहा डिस्कचा होता, ४ टीबीच्या सहा, झेडएफएसच्या रेडझेड२ मांडणीत. दोन डिस्क पॅरिटीत गेल्या की हातात १६ टीबी. २०२२ च्या सुरुवातीला तो ८५ टक्क्यांवर गेला. वाढवायचे मार्ग तेव्हा दोनच: आणखी सहा डिस्कचा दुसरा संच जोडायचा, नाहीतर आहेत त्या सहाही एकेक करून मोठ्या घालायच्या. माझ्या कॅबिनेटमध्ये आणखी सहा बसत नव्हत्या. एकदम सहा घ्यायला पैसेही नव्हते. आमच्या गल्लीत भिशी आहे, ती लागली की एक, मधे एखादं जास्तीचं काम मिळालं की एक, अशा ८ टीबीच्या डिस्क घ्यायला लागलो.

पहिली घातली. रिसिल्व्हरला, म्हणजे तिच्या वाट्याचा डेटा नव्या डिस्कवर परत उतरवायला, सव्वा दिवस गेला. जागा तेवढीच. बरोबरच होतं म्हणा, संचातल्या सगळ्यांत लहान डिस्कएवढीच प्रत्येक डिस्क धरली जाते हे मला माहीत होतं. दुसरी घातली, तेवढीच. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत मॉनिटरसमोर जायचं आणि तोच आकडा बघायचा. पाचव्या डिस्कनंतर हिशोब केला: ४० टीबीचे पैसे दिलेत, बाइट एकही वाढलेला नाही. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, ह्या डब्यात किती ओतणार आहात अजून?" उत्तर नव्हतं. त्या काळात जागा करायला म्हणून मी जुन्या लग्नांची कच्ची शूटिंगं पुसत होतो, आणि शेजारी पाच डिस्क अर्ध्या रिकाम्या फिरत होत्या.

सहावी बसली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. रात्री रिसिल्व्हर संपलं, आकडा बघितला. तोच! घाम फुटला. अर्ध्या तासानं ध्यानात आलं की उबुंटूवर हाताने पूल बांधताना ऑटोएक्स्पांड (मोठ्या डिस्क बसल्या की पूल आपोआप वाढवण्याची सोय) चालू करायचं राहिलं होतं. ते मुळात बंदच असतं. एकेका डिस्कवर 'झेडपूल ऑनलाइन' ची आज्ञा मोठं करण्याच्या पर्यायासह चालवली, तेव्हा कुठं १६ चे ३२ झाले. आनंद व्हायला पाहिजे होता. मी मात्र हिशोब घालत बसलो की ह्याच्या पुढच्या वेळी परत सहा डिस्क आणि परत एक वर्ष. शिवाय बाजूला काढलेल्या ४ टीबीच्या सहा चांगल्या डिस्क टेबलावर नुसत्या पडलेल्या.

आता हे सगळं आजच्या माणसाला जसंच्या तसं लागू नाही, हे सांगायला पाहिजे. ओपनझेडएफएस २.३ जानेवारी २०२५ मध्ये आलं, त्यात रेडझेडला एकेक डिस्क जोडण्याची सोय आहे. ट्रूनॅस ह्या झेडएफएसवरच्या तयार प्रणालीतही ती आली आहे. मला २०२२ ला ती मिळाली असती तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता. पण जुना डेटा पॅरिटीच्या जुन्याच प्रमाणात पडून राहतो, तो परत लिहून काढल्याशिवाय त्याची जागा सुटत नाही. आणि डिस्क लहानमोठ्या असतील तर मापदंड लहानीचाच. भावाच्या पिशवीतल्या पाचांचा एक संच केला असता तर ६ ची आणि ८ च्या दोन्ही ४ च्याच धरल्या गेल्या असत्या.

स्नॅपरेडकडे हा त्रास नाही. प्रत्येक डेटा डिस्कवर लिनक्सची साधी एक्सटी४ फाइल सिस्टिम असते, माप काहीही चालतं. अट एकच: पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठ्या डेटा डिस्कपेक्षा लहान नको. मी सगळा डेटा आधी त्या जुन्या सहा डिस्कवर उतरवला, मग पूल मोडला. ८ च्या दोन पॅरिटीला, ८ च्या चार आणि ४ च्या चार डेटाला. त्याच डिस्क, तेवढीच दोन डिस्क मेल्या तरी सावरण्याची सोय, आणि ३२ च्या जागी ४८ टीबी. ४ च्या दोन उरल्या, त्या बहिणीच्या घरी बॅकअप म्हणून असतात. पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे हे तुम्हाला माहीत आहे, मी फक्त परत एकदा म्हणून ठेवतो.

बहिणीवरून आठवलं. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत, तळमजल्यावर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली की आमच्याकडे आवराआवर सुरू होते. ४३ ला धोका पातळी, तोवर थांबायचं नाही हे २०१९ नं शिकवलं. जुलै २०२१ च्या पुरात मी सहाही डिस्क उपसून राजारामपुरीत बहिणीकडे नेल्या. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला एक फाइल तातडीनं पाहिजे होती. माझ्याकडे लॅपटॉप आणि एका डिस्कचा डॉक. रेडझेड२ च्या सहातल्या किमान चार एकाच वेळी जोडल्याशिवाय त्यातलं चिटोरंही वाचता येत नाही. गिऱ्हाईक समजूतदार निघालं. आज तशी वेळ आली तर हवी ती एकच डिस्क डॉकमध्ये घालीन आणि लिनक्सच्या कुठल्याही लॅपटॉपवर वाचीन. आणि पॅरिटीच्या संख्येपेक्षा जास्त डिस्क एकदम मेल्या तरी स्नॅपरेडमध्ये जाईल ते त्या डिस्कवरचंच. झेडएफएसमध्ये सगळा पूल जातो.

आता स्नॅपरेडची खोड. पॅरिटी तत्क्षणी होत नाही, तुम्ही सिंक चालवाल तेव्हा होते. माझं रात्री तीनला चालतं. संध्याकाळी सात वाजता उतरवलेलं कार्ड त्या रात्री तीनपर्यंत उघड्यावर असतं. म्हणून कार्ड दुसऱ्या दिवसापर्यंत पुसायचं नाही, हा आमच्याकडे आता दंडक आहे. दुसरं, सिंकनंतर एका डिस्कवरचं काही पुसलंत किंवा बदललंत आणि तेवढ्यात दुसरी डिस्क मेली, तर त्या दुसरीवरचं काही परत मिळायला अडचण येऊ शकते. आणि चुकून पुसलेलं सिंक झाल्यावर गेलंच. माझी स्क्रिप्ट आधी फरक बघते आणि पन्नासपेक्षा जास्त फाइली गायब दिसल्या तर सिंक न करता मला मेल पाठवते. ती लिहायच्या आधी एकदा माझं नुकसान झालंय, आकडा सांगत नाही.

बिघाड ओळखण्यातही तो सावकाश. स्क्रबची नुसती आज्ञा दिली तर एका वेळी ८ टक्केच तपासतो, तेही दहा दिवसांपेक्षा जुनं. आठवड्याला एकदा चालवलं तर पूर्ण फेरीला तीन महिने. मर्जरएफएसचीही एक गंमत: फोल्डर जिथे आधीपासून आहे तिथेच लिहायचं असं धोरण निवडलंत तर एकच डिस्क तुडुंब भरते आणि बाकीच्यांवर दहा टीबी मोकळे असताना 'जागा नाही' असा निरोप येतो. पहिल्या लग्नसराईतच हे झालं. धोरण बदललं, गप्प झालं.

म्हणून ज्या फाइली सतत बदलतात, म्हणजे डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, चालू एडिटिंगचे प्रोजेक्ट, त्या स्नॅपरेडवर ठेवूच नका. माझ्याही डब्यात दोन एसएसडींचा झेडएफएस मिरर (दोन्हींवर तीच प्रत) आहे आणि चालू काम त्यावरच होतं. काम संपलं, पैसे मिळाले की फोल्डर मोठ्या डिस्कवर जातं आणि मग सहसा वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही. तुमचा डेटा असा 'एकदा लिहिला, पडून राहिला' जातीचा असेल तर माझ्या मते स्नॅपरेड पुरतं. हिशोबाचं, दवाखान्याचं, रोज बदलणारं काही असेल आणि सारख्या मापाच्या डिस्क एकदम घ्यायची ऐपत असेल, तर डोळे झाकून झेडएफएस.

उन्हाळ्यात आणखी एक फरक जाणवतो. झेडएफएसला काहीही वाचायचं तर सगळ्या डिस्क जाग्या. आता मुलगा सिनेमा बघतो तेव्हा एकच फिरते, बाकीच्या झोपलेल्या. मे महिन्यात जिन्याखालच्या कोनाड्यात पूर्वी हात लावून बघावा लागायचा, आता नाही. विजेच्या बिलात किती फरक पडला ते मी मोजलं नाही, मोजण्याएवढा पडला नसावा.

बाकी देखभाल दोन्हीकडे एकच आहे. स्वस्तातली डिस्क घेताना ती एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून परत लिहायला मंद) नाही ना ते बघा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्याही काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. झेडएफएसच्या रिसिल्व्हरला असली डिस्क फार छळते, स्नॅपरेडच्या डेटाला एक वेळ चालते. यूएसबीच्या बाहेरच्या खोक्यातून काढलेली डिस्क सुरूच होत नसेल तर साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी चिकटपट्टी) लावून बघा. घरच्या इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडवर तो बदलायला वेळ घेतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. आणि प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवा. दहातली मेलेली डिस्क सोडून जिवंत डिस्क उपसणारा माणूस मी स्वतः आहे.

भावाच्या पाच डिस्कचं स्नॅपरेड केलं: ८ ची एक पॅरिटीला, बाकी चार डेटाला, २२ टीबी. गेल्या आठवड्यात त्यानं १२ टीबीची एक आणली. ती पॅरिटीला गेली, सुटलेली ८ डेटाला आली. दुपारी जेवून डिस्क बसवली, पॅरिटीची फाइल नव्या डिस्कवर जायला रात्र गेली, आणि सकाळी त्याच्या मोबाइलवर आकडा ३० टीबी. "एवढंच?" म्हणाला. मी त्याला माझ्या सहा डिस्कची गोष्ट सांगितली नव्हती.