लकव्यावरची मालिश आणि गेलेले सहा आठवडे

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. मिरजेच्या रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी रोज फिजिओथेरपी करून घ्यायला बजावले होते. पण आठ दिवसांत हातात काडीचाही फरक दिसेना, तेव्हा आमचा धीर सुटला आणि शेजारच्या गावातल्या एका मालिश केंद्राची पायरी आम्ही चढलो. 'खास तेलाने लकवा 21 बैठकांत पूर्ण बरा' असा फलक तिथे होता. दर बैठकीचे 900 रुपये आणि 1,800 रुपयांची एक अशा तेलाच्या तीन बाटल्या, असे 24,300 रुपये गेले. पावती म्हणून मिळाला तो नाव-शिक्का नसलेला चिटोरा. "नस दबली आहे, मोकळी करतो. तोवर तो व्यायाम बंद ठेवा," असे सांगण्यात आले आणि आम्ही तो बंद ठेवला.

वडिलांच्या हातातली नस दबलेलीच नव्हती. रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली होती आणि तेल कितीही जिरवले तरी तिथवर पोहोचत नाही. तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करवून घेतली, तर मेंदूचा शाबूत भाग ते काम हळूहळू शिकतो, आणि हे शिकणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. त्यातलेच सहा आठवडे आम्ही घालवले. मालिशने अंग हलके होते, झोप लागते, हे खरे आहे. वडिलांनाही बरे वाटे, म्हणूनच आम्ही फसत गेलो.

मालिशवाला दर वेळी लुळा हात मनगटाला धरून डोक्याकडे ओढायचा आणि वडील ओठ घट्ट मिटून घ्यायचे. दुखते म्हणजे नस जागी होते आहे, असे त्याने आम्हाला पटवले होते. पुढे फिजिओथेरपिस्टने खांद्यावरून बोट फिरवले, तेव्हा हाडाच्या टोकाखाली बोट रुतेल एवढा खळगा लागला. स्नायूंचा आधार आधीच सुटलेला सांधा ओढाताणीने आणखी खाली उतरला होता.

अशा रुग्णाचा हात कोणालाही ओढू देऊ नका आणि पोटरी सुजलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती चोळू देऊ नका, कारण तिथली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. औषधाने लकवा बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला फार उशिरा कळले. फलकाचा फोटो जोडून मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. वडील आता भिंतीच्या आधाराने चालतात. डावा हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नाही.