लिफ्ट विचारली, लिंक बघितली नाही

आमच्या ग्रुपमध्ये हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे असतं. मला त्याची हौसच आहे, खोटं कशाला बोलू. त्यामुळे पुण्याच्या मित्राने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला वहिनींना घेऊन रोमला जायचं ठरवलं तेव्हा फोन मलाच आला. "चार रात्री, बाथरूम स्वच्छ, आणि रात्रीला दहा-अकरा हजारांच्या वर नको. बाकी तू बघ रे."

२०२५ साल रोममध्ये स्वस्त खोली शोधायला वाईटच. कॅथलिकांचं दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष चालू, जगभरचे यात्रेकरू तिकडे. व्हॅटिकनजवळच्या प्राती भागातले दर बघितले आणि गुपचूप तेर्मिनी स्टेशनकडे वळलो. मेट्रोच्या ए आणि बी लाइनी तिथेच मिळतात, विमानतळाची ट्रेनही तिथेच येते. या भागात एकाच जुन्या इमारतीत तीन-चार छोटी हॉटेलं असतात, एक दुसऱ्या मजल्यावर, एक चौथ्यावर, आणि खाली दाराशी नुसती बेलची बटणं. वहिनींचा गुडघा दुखतो, म्हणून लिफ्टसाठी मी वीसेक रिव्ह्यू वाचले, शिवाय हॉटेललाही विचारलं. लिफ्ट आहे, पण जाळीची. दोन माणसं, नाहीतर एक माणूस आणि एक बॅग. शहराचा कर वेगळा, दोन ताऱ्यांच्या (टू-स्टार) हॉटेलला माणशी रात्रीला ५ युरो, म्हणजे दोघांचे ४०, तेही मी त्याला लिहून दिलं. शेंगेन व्हिसाला बुकिंगची प्रत लागते आणि व्हिसा नाकारला तर पैसे बुडायला नकोत, म्हणून फुकटात रद्द होणारं, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे, असं बुकिंग घेतलं. एकूण ४३६ युरो. कार्ड मित्राचं, बुकिंग साइटवरचं खातं माझं.

निघायला तीन आठवडे असताना रात्री साडेदहाला बुकिंग साइटच्या अ‍ॅपवर हॉटेलचा मेसेज आला. दोघांची नावं, तारखा, बुकिंग नंबर, ४३६ हा आकडा, सगळं बिनचूक. आणि आला कुठे, तर लिफ्टबद्दल त्यांनी मला दिलेल्या उत्तराच्या बरोबर खाली, त्याच चॅटमध्ये. तुमच्या कार्डची पडताळणी झालेली नाही, १२ तासांत या लिंकवर करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल. रक्कम फक्त तपासणीपुरती, लगेच परत मिळेल.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट. व्हिसा या बुकिंगवर मिळालाय, आणि आता या भावात दुसरी खोली कुठून आणू? लिंक जशीच्या तशी मित्राला पाठवली. वर स्वतःचा शिक्काही मारला: "ओरिजिनल चॅटमध्येच आलंय, करून टाक."

तो सावध माणूस आहे. भाजीवाल्याला क्यूआरने पैसे दिले तरी नाव वाचून दाखवतो. पण मी सांगितलं म्हणून त्याने कार्डाचा नंबर भरला, मागचे तीन आकडेही भरले. बँकेचा ओटीपी आला. तो मेसेज मी नंतर त्याच्या फोनवर बघितला. ४३६ युरो, आणि पुढे दुकानाचं नाव भलतंच, ना हॉटेलचं ना साइटचं. पडताळणीचा तर शब्दही नव्हता, सरळ खरेदी. त्याने त्यातले फक्त सहा आकडे वाचले. आपण सगळे तेवढेच वाचतो.

दहा मिनिटांत पुन्हा ४३६ युरो गेले, यावेळी ओटीपी न येताच. परदेशी व्यापाऱ्याकडे कार्ड वापरलं की दरवेळी ओटीपी लागतोच असं नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग काय! मित्राने लगेच कार्ड बंद केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, बँकेला लेखी कळवलं. दुसरी रक्कम दोन महिन्यांनी परत आली. पहिली, साधारण ४२ हजार, गेली ती गेलीच. ओटीपी तुम्हीच दिलात, असं बँकेचं म्हणणं, आणि तेव्हाचा नियमही तसाच होता: स्वतः माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. अर्धे मी देतो म्हणालो. "वेडा आहेस का," एवढंच बोलला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेसेज खऱ्या चॅटमध्ये आला कसा, हे मला नंतर उमगलं. चोर आधी पाहुणा बनून हॉटेललाच ईमेल करतात, तक्रार आहे, फोटो जोडलाय वगैरे. काउंटरवरचं कुणीतरी ते उघडतं आणि हॉटेलचा पासवर्ड चोरांच्या हाती जातो. मग हॉटेलच्या नावाने, हॉटेलच्याच खात्यातून ते प्रत्येक पाहुण्याला लिहीत सुटतात. म्हणजे "चॅट खरी आहे ना" हा माझा प्रश्नच चुकीचा होता. लिंकचा पत्ता निरखायला हवा होता. त्यात साइटचं नाव होतं, पण पुढे आडवी रेघ आणि भलतेच दोन शब्द. किंवा नकाशावरून हॉटेलचा नंबर काढून दोन मिनिटं फोन. त्याला फार तर शंभर रुपये लागले असते. पैसे तिथे गेल्यावर द्यायचे असं बुकिंगवर छापलेलं होतं, ते मीच निवडलं होतं, आणि तेच मला आठवलं नाही.

आता आमच्या ग्रुपात प्रवासासाठी वेगळं कार्ड असतं, मर्यादा लहान, परदेशी व्यवहार एरवी बंद. आणि दुसऱ्याच्या बुकिंगची लिंक मी फॉरवर्ड करत नाही. फोन करतो, स्क्रीन बघतो, मग बोलतो.

जूनमध्ये दोघं गेले. खोली तयार होती, बुकिंग कधीच धोक्यात नव्हतं. निघताना हॉटेलने रीतसर ४३६ युरो आणि वर कराचे ४० घेतले. मित्राने मला दोन फोटो पाठवले. एकात त्या जाळीच्या लिफ्टमध्ये बॅगेला बिलगून उभ्या वहिनी. दुसरा काउंटरचा: कराच्या दरपत्रकाशेजारी इटालियन आणि इंग्रजीत एक कागद, आम्ही मेसेजवर कधीही कार्डाची माहिती मागत नाही, अशा लिंकवर पैसे भरू नका. कागदाची चिकटपट्टी पिवळी पडून कोपरे वर आले होते.