श्योग्रेनच्या रुग्णांसाठी मेश नेब्युलायझर: घ्यावा का?

श्योग्रेन सिंड्रोम म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ओलावा देणाऱ्या ग्रंथींवर उलटते तो आजार. त्यात डोळे आणि तोंड कोरडं पडतं, त्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. आवाजाचं दुखणं मागे राहतं. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. त्यांच्यावरचा ओलावा आटला की स्राव चिकट होतो, आवाज सुरू करायलाच जोर लागतो आणि वाक्य संपेपर्यंत तो फाटतो. पाण्याचा घोट अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना शिवतही नाही. म्हणूनच बारीक तुषार थेट तिथवर नेणारा, हातात मावणारा मेश नेब्युलायझर (कंप पावणाऱ्या बारीक छिद्रांच्या जाळीतून द्रवाचे तुषार करणारं यंत्र) आम्हाला घशाच्या स्प्रेपेक्षा कितीतरी कामाचा वाटतो.

त्यात घालायचं ते फक्त ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन (मिठाचं पाणी), तेही एकदाच वापरायच्या छोट्या अँप्यूलमधलं, म्हणजे बंद कुपीतलं. नळाच्या पाण्यातून जंतू जातात, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खोकल्याची उबळ येते, ३ टक्क्यांचं सलाईन झोंबतं. निलगिरीचे थेंब तर नकोच नकोत.

३ ते ५ मिली भरून ताठ बसा, माउथपीस ओठांत धरा आणि तोंडाने सावकाश श्वास घ्या. १०-१५ मिनिटांत कप रिकामा होतो. मास्क लावून नाकाने श्वास घेतला तर बरेच तुषार नाकातच अडकतात. जाहिरातीतल्या 'सर्वांत बारीक कण' या दाव्यालाही भुलू नका: ५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण फुप्फुसाच्या औषधांसाठी हवेत, घशात उतरायला जरा मोठेच बरे.

खरी नाजूक वस्तू म्हणजे जाळी. तिच्या छिद्रांत मीठ सुकलं की तुषार विरळ होतात, पुढे बंदच पडतात. प्रत्येक वेळी उरलेलं सलाईन ओतून द्या, थोडं डिस्टिल्ड पाणी घालून मिनिटभर चालवा, भाग उघडे ठेवून वाळवा. जाळीला कापूस किंवा बोट लावलंत तर ती गेलीच म्हणून समजा.

आराम तात्पुरता असतो. त्यामुळे जास्त बोलायच्या कामाआधी वापरलेला उत्तम. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. या आजारात स्वरतंतूंवर बांबूच्या पेरांसारख्या गाठीही येऊ शकतात, आणि त्यांवर सलाईनचा इलाज नाही.