फिल्टरची बाटली आली आणि मी पाणी उकळणं बंद केलं

त्या बाटलीतलं कार्ट्रिज शेवटी करवतीच्या पात्यानं कापावं लागलं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ह्यांनी त्याचे दोन तुकडे केले. आतून जे निघालं ते जसंच्या तसं लिहिते : दोन्ही टोकांना स्पंजची एकेक चकती, मधे दोन चमचे काळा दाणेदार कोळसा आणि थोडे पांढरे मणी. जाहिरातीत दाखवलेला, शेवयांसारख्या बारीक पोकळ धाग्यांचा तो पांढरा जुडगा त्यात नव्हताच. त्या जुडग्याच्या भरवशावर मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तीन महिने नळाचं, विहिरीचं, मिळेल ते पाणी पिऊ दिलं होतं.

आम्ही पुण्यात धायरीत राहतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात काय वातावरण होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडत होते. पुढे पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. धडधाकट माणसाच्या हातापायांतली ताकद जाते आणि व्हेंटिलेटर लावायची वेळ येते, हे रोज वाचत होतो. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींच्यात नोरोव्हायरस. संशय पाण्यावर होता आणि सगळीकडून एकच सूचना येत होती, पाणी उकळून प्या. मी उकळतच होते. मोठं पातेलं सकाळी एकदा, रात्री एकदा.

त्या दिवसांत मोबाइलवर त्या बाटलीची जाहिरात दिसायला लागली. गुलाबी रंग, वर ससा, स्ट्रॉच्या खाली बसवलेलं कार्ट्रिज. 'चार थरांचं फिल्टर, ०.१ मायक्रॉन, ९९.९९ टक्के जिवाणू आणि विषाणू नष्ट, प्रवासात आणि शाळेत कुठलंही पाणी भरा.' व्हिडिओत एक बाई बाटलीत निळी शाई ओतते, बाटली पिळते आणि पेल्यात काचेसारखं स्वच्छ पाणी पडतं. मग तिचा मुलगा ओढ्यावर वाकून बाटली भरतो आणि तोंडाला लावतो. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. ह्यांनाही दाखवला. शाई गेली म्हणजे जंतू काय उरणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

इथे मी फसले, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. शाईचा रंग काढणं हे कोळशाचं अगदी साधं काम आहे. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या दाण्यांना असंख्य बारीक छिद्रं असतात. रंग आणि वास त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, क्लोरीनही तिथे नष्ट होतो. पण दाण्यादाण्यांमधल्या फटीतून जिवाणू सहज निघून जातो. बहुतेक जिवाणू एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मागेपुढे असतात, आणि ती फट त्यांच्या मानानं एखाद्या बोगद्याएवढी. म्हणजे शाईचा प्रयोग खरा होता, शाई खरंच जात होती, आणि तरीही त्यातून पाणी निर्जंतुक झाल्याचं काहीच सिद्ध होत नव्हतं. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. आत ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांचा खरा पडदा, म्हणजे तो पोकळ धाग्यांचा जुडगा असता, तरी 'विषाणू नष्ट' हे खोटंच ठरलं असतं. तो पडदा जिवाणू अडवतो, जिआर्डियासारखे मोठे परजीवीही अडवतो. पण नोरोव्हायरस किंवा काविळीचा हिपॅटायटिस ए या विषाणूंचा आकार ०.०३ मायक्रॉनच्या आसपास असतो, ते त्यातून पार होतात. ज्या आजाराच्या भीतीनं मी बाटली घेतली त्यात नोरोव्हायरसचं नाव रोज पेपरात येत होतं. जाहिरातीतला ०.१ हा आकडा त्याच्यापुढे ठेवून पाहायचं मला सुचलं नाही.

बाटली १,७९९ रुपये आणि जादा दोन कार्ट्रिज घेतली तर सगळं मिळून २,३९९. आधी पैसे भरले तर शंभर रुपये सूट. मी यूपीआयनं २,२९९ भरले. सहा दिवसांनी पार्सल आलं. खोक्यावर 'लॅब प्रमाणित' असा सोनेरी गोल शिक्का होता, पण कुठली लॅब, कुठलं मानक, काही नाही. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, कुठल्या देशात बनवलं, कुठल्या महिन्यात, हे सगळं पाकिटबंद मालावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यातलं एकही नव्हतं. तेव्हा माझं लक्ष सशाकडे होतं. मुलगी बाटली उशाशी घेऊन झोपली.

आणि दुसऱ्या दिवसापासून माझं पातेलं गॅसवरून उतरलं. आमच्या दोघांसाठी घरचा फिल्टर होता, आणि हिच्यासाठी आता तिची बाटली. सकाळच्या घाईत नळाखाली धरायची, झाकण लावायचं, दप्तरात टाकायची. जी खबरदारी मी भीतीपोटी का होईना नीट घेत होते, ती त्या बाटलीनं माझ्याकडून सोडवली. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

मे महिन्यात माहेरी गेलो, संगमेश्वर तालुक्यात. तिथे पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं. परसातल्या विहिरीचं पाणी भांड्यांना आणि झाडांना वापरतात. मे अखेरीला ती तळाला जाते. लहान मुलांना आई नेहमी उकळून गार केलेलं पाणी देते, हिलाही देत होती. मीच म्हटलं, "आई, कशाला तुला त्रास, हिच्याकडे फिल्टरची बाटली आहे." आईनं बाटली उलटसुलट करून पाहिली आणि ठेवून दिली. मुलगी मग भावंडांबरोबर दिवसभर बाहेर, आणि बाटली रिकामी झाली की परसातल्या, विहिरीच्या पाण्याच्या घागरीतून भरून घ्यायची. मी पाहत होते आणि अडवत नव्हते.

आठव्या दिवशी तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. रात्रीत दहाबारा वेळा. सकाळी डोळे खोल गेले होते आणि हाक मारली तर नुसती बघायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, ओआरएस घोट घोट पाजत राहायला सांगितलं आणि झिंकचं औषध चौदा दिवसांचं दिलं. दोन दिवसांनी ती उठून बसली. डॉक्टरांनी बाटलीमुळेच झालं असं म्हटलं नाही, तेव्हा मीही तसं म्हणत नाही. त्या आठवड्यात करवंदं, जांभळं, एका लग्नातलं जेवण, सगळंच पोटात गेलं होतं. पण "पाणी कुठलं पिते?" असं त्यांनी विचारलं, मी बाटली दाखवली, आणि ते म्हणाले, "याच्यावर विसंबू नका. उकळून द्या."

माझा मामा गावचा जलसुरक्षक आहे. पाण्याच्या टाकीत रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालायची आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन पोचतंय का ते तपासायचं, हे त्याचं काम. मुलीला बघायला आला तेव्हा बाटली हातात घेऊन म्हणाला, "बाय, हिची तपासणी करूया." मी हो म्हटलं.

पहिली तपासणी पाच मिनिटांची. नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यानं ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. मग तेच पाणी बाटलीत भरून, पिळून, स्ट्रॉमधून आलेलं दुसऱ्या नळीत घेतलं. थेंब टाकले. रंग आलाच नाही. मामा म्हणाला, "मी सकाळी उठून जे घालतो ते ही बाटली काढून टाकते." नळाच्या शेवटच्या टोकालाही पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असं आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं. वाटेत जंतू शिरले तर तो त्यांना मारतो. कोळसा नेमका तोच काढतो, म्हणून पाणी गोड लागतं. आणि क्लोरीन गेलेलं पाणी त्या ओल्या, उबदार कार्ट्रिजमध्ये दिवसभर दप्तरात पडून राहतं. ती जागा जंतूंच्या वाढीला फार सोयीची.

दुसरी तपासणी एच-टू-एसच्या बाटल्यांची. ग्रामपंचायतीत या लहान बाटल्या असतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, हलवायचं आणि एकदोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर ते विष्ठेनं दूषित आहे, पिऊ नये. एकीत परसातल्या विहिरीचं पाणी भरलं, दुसरीत तेच पाणी आमच्या बाटलीतून पिळून. मामानं दोन्हींवर पेनानं लिहिलं आणि फडताळात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडून पाहिलं तर दोन्ही काळ्या. मी दोन्ही खिडकीत धरून किती वेळ पाहत राहिले. काळेपणात फरक नव्हता.

आता खरं फिल्टर असलेल्या बाटल्याही बाजारात आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. नुसत्या कोळशाची बाटलीही खोटी नसते, जर विकणारा 'चव आणि वास सुधारण्यासाठी' असं स्पष्ट लिहीत असेल तर. फरक शिक्क्यातल्या आकड्यात असतो. एनएसएफ ही अशा वस्तू तपासून शिक्का देणारी अमेरिकी संस्था. तिचं एनएसएफ ४२ हे मानक म्हणजे फक्त चव, वास आणि क्लोरीन. जिवाणू, विषाणू आणि परजीवी या तिन्हींसाठी तिचा पी २३१ हा वेगळा प्रोटोकॉल आहे, आणि त्यात जिवाणू ९९.९९९९ टक्के व विषाणू ९९.९९ टक्के कमी झालेले दाखवावे लागतात. ज्या बाटलीवर आकडाच नाही, तिथे विचारा. उत्तर नाही आलं तर घेऊ नका. टीडीएस मीटर लावून दाखवणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. ते मीटर विरघळलेले क्षार मोजतं, जंतू त्याला दिसत नाहीत.

घरच्या घरी एक साधी खूण ह्यांनी शोधून काढली. पोकळ धाग्यांचं खरं फिल्टर एकदा पूर्ण भिजलं की त्यातून तोंडानं फुंकून हवा जात नाही, छिद्रांत पाणी घट्ट धरलेलं असतं. आमच्या कार्ट्रिजमधून शिट्टीसारखी हवा गेली. शिवाय खऱ्या फिल्टरमधून पाणी ओढायला जोर लागतो. आमची चिमुरडी पहिल्या दिवसापासून सरबतासारखं ओढत होती, आणि मला वाटायचं किती चांगली बाटली आहे.

पैशांचं काय झालं तेही सांगते. वेबसाइटवर 'सात दिवसांत परत' असं मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'स्वच्छतेच्या कारणास्तव वापरलेली वस्तू परत नाही'. मेसेजला उत्तर नाही. मी इंटरनेटवर त्यांचा ग्राहक सेवा क्रमांक शोधला आणि एक मिळाला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. म्हणाला, "मॅडम, रिफंड मंजूर आहे, आलेल्या रिक्वेस्टवर फक्त पिन टाका." ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कट केला. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. असे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो. एकदा फसलेलं माणूस परतफेडीच्या नावाखाली दुसऱ्यांदा फसायला किती जवळ उभं असतं, हे त्या दिवशी मला समजलं.

जूनमध्ये राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवली. खोक्याचे, जाहिरातीचे, पैसे भरल्याचे फोटो लावले. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मी सुदैवानं ठेवले होते, कारण जुलैत वेबसाइटच उघडेना. ऑनलाइन विकणाऱ्यानं तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं, ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा असा नियम आहे. पण ज्याचा पत्ताच नाही त्याला नियम कोण दाखवणार? बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आपण राहतो त्याच जिल्ह्यात, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो. मी कागद जमवते आहे. तुम्ही असं काही घेतलं असेल तर खोकं फेकू नका, पार्सलवरची चिठ्ठीसुद्धा.

आता घरी पुन्हा पातेलं. खळखळून उकळी आली की आणखी एक मिनिट, मग त्याच पातेल्यात झाकून गार, आणि स्टीलच्या साध्या बाटलीत. प्रवासात लहान विजेची किटली नेते. जिथे उकळणं शक्य नाही तिथे मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, अर्धा तास थांबून. मुलीला ससा हवा होता म्हणून स्टीलच्या बाटलीवर सशाचं स्टिकर लावलं आहे.

शाळा सुरू झाली तेव्हा हिच्या वर्गात तशाच दोन बाटल्या दिसल्या. एक निळी, एक पिवळी. कापलेलं कार्ट्रिज मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलं आणि सुटायच्या वेळी फाटकाशी थांबले. पिवळ्या बाटलीवाल्या मुलाच्या आईला दाखवलं. तिला आधी खरं वाटेना, म्हणाली, "आमची वेगळ्या कंपनीची आहे हो." मग तिनं झाकण काढलं, कार्ट्रिज भरलेल्या बाटलीत नीट बुडवून धरलं, स्ट्रॉ तोंडाला लावला आणि फुंकलं. पाण्यात बुडबुडे आले. तिनं परत एकदा फुंकून पाहिलं. मग बाटली तिथेच कुंडीत रिकामी केली आणि मला विचारलं, "तुमच्याकडे हिच्यासाठी आणलेलं उकळलेलं पाणी आहे का थोडं? ह्याला तहान लागली असेल."