आत्याची बातमी आणि एका बहुपडदा चित्रपटगृहाचा अनुभव
दिवाळीनंतर आत्या नातीला घेऊन नागपूरहून आली, तेव्हा आम्ही सहाजण पुण्यातील एका मॉलमधील बहुपडदा चित्रपटगृहात गेलो आणि खेळाला तासभर अवकाश असल्याने आधी शेजारच्या गेमिंग झोनमध्ये शिरलो. तेथे कार्डात किमान ५०० रुपये भरावे लागतात आणि उरलेली रक्कम परत मिळत नाही, हे मात्र पैसे भरल्यावरच कळते. मोटारशर्यतीच्या एका यंत्राचे स्टिअरिंग सतत डावीकडे ओढत होते. एअर हॉकीचे टेबल उत्तम. त्याच्या कडेला बसूनच आत्याने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची आणि धाकट्याच्या ठरलेल्या लग्नाची हकिगत सांगितली, अर्थात चकतीच्या खडखडाटावर आवाज चढवून.

पडदा आणि ध्वनी यांना नावे ठेवण्यास जागा नाही. पाण्याची तक्रार मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार मान्य करतानाच प्रेक्षकांना पिण्याचे पाणी मोफत मिळायला हवे, हेही स्पष्ट केले होते. येथे तो नळ प्रसाधनगृहामागे, फलकाविना आहे आणि विचारल्यास विकतच्या बाटलीकडे बोट दाखवले जाते. ज्येष्ठांसाठी वरच्या रांगांची तिकिटे काढू नयेत, कारण पायऱ्यांना कठडा नाही.